नवं आयटम कार्ड कुणाच्या जागी बसणार?

प्रश्न थोडक्यात असा: पोकेमॉन कार्ड गेम वर्षभर खेळलेल्याला नियम येतात, डेकही बांधता येतो. पण नवा संच जाहीर झाला की त्यातल्या आयटम कार्डांपैकी (एकदा वापरून टाकायची मदतीची कार्डं) कोणत्याच्या चार प्रती घ्यायच्या, कोणत्याची एक आणि कोणत्याला हातही लावायचा नाही, हे सामने खेळायच्या आधी कसं ठरवायचं?

उदाहरणाला २२ मार्च २०२४ ला आलेला टेम्पोरल फोर्सेस हा संच घेऊ. आयटमचे बहुतेक नमुने त्यात एका जागी सापडतात. शिवाय पुढे काय झालं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे अंदाज ताडून बघता येतो.

बहुतेक जण कार्डावरचा मजकूर वाचतात आणि "भारी आहे" किंवा "टुकार आहे" म्हणून मोकळे होतात. इथेच गल्लत होते. डेक ६० कार्डांचा असतो आणि तो आधीच भरलेला असतो. नवं कार्ड घ्यायचं तर जुनं एक काढावं लागतं. त्यामुळे "हे कार्ड चांगलं आहे का" असं विचारून हाती काही लागत नाही. "माझ्या डेकमधलं कोणतं कार्ड काढून हे घालू, आणि त्याने कितव्या खेळीत काय बदलेल" असं विचारा. कुठलं कार्ड काढायचं ते नेमकं सांगता येत नसेल तर नवं कार्ड अजून तुमच्या डेकचं झालेलं नाही, मग मजकूर कितीही झगमगता असो.

जागा किती असतात तेही मोजून ठेवा. पोकेमॉन, ऊर्जा (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायची कार्डं), सपोर्टर (मदतीला येणाऱ्या माणसांची कार्डं) आणि ज्यांच्याशिवाय डेक चालतच नाही ते आयटम एवढं मांडलं की खऱ्या अर्थाने मोकळ्या जागा चार ते सहाच उरतात. संचातली सगळी नवी कार्डं या चार-सहा जागांसाठी भांडत असतात.

आयटमची मूळ ताकद नियमातच आहे. सपोर्टर एका खेळीत एकच खेळता येतो, आयटम हवे तेवढे. त्यात पहिली खेळी करणाऱ्याला त्या खेळीत सपोर्टर खेळताच येत नाही. म्हणजे नाणेफेक जिंकून पहिला खेळलात, तर त्या खेळीत डेकमधून काही शोधायचं असेल तर आयटमचाच काय तो आधार. म्हणून कुठल्याही नव्या आयटमला पहिला प्रश्न हा: पहिल्या खेळीत, सपोर्टर नसताना, हे कार्ड काही करतं का?

आता पानांचा हिशोब. आयटम खेळला की तो स्वतः खर्ची पडतो, म्हणजे सुरुवातच उणे एकपासून. नेस्ट बॉल: एक पान गेलं, एक बेसिक (विकसित न झालेला, थेट मांडता येणारा पोकेमॉन) बेंचवर, म्हणजे पुढे लढणाऱ्याच्या मागच्या राखीव रांगेत आला. बरोबरी. अर्दन व्हेसल: ते स्वतः आणि टाकून दिलेलं एक अशी दोन गेली, दोन मूलभूत ऊर्जा हातात आल्या. बरोबरी. बडी-बडी पॉफिन: एक गेलं, ७० किंवा त्याहून कमी एचपीचे (एचपी म्हणजे पडेपर्यंत झेलता येणारा मार) दोन बेसिक थेट बेंचवर आले. एकाला दोन. अल्ट्रा बॉल: स्वतः धरून तीन पानं गेली आणि एकच पोकेमॉन हातात आला. कागदावर हा सौदा आतबट्ट्याचा दिसतो, तरी अल्ट्रा बॉल २०१२ मध्ये पहिल्यांदा आल्यापासून चलनात असला की बहुतेक डेकांत तीन-चार प्रतींनी दिसतो. कारण तो कोणताही पोकेमॉन आणतो, बेसिक असो की स्टेज टू (दोन पायऱ्या विकसित झालेला). तेव्हा पानांचा हिशोब करा, पण त्यावरच निकाल देऊ नका. दोन कार्डं बाकी सगळ्या बाबतीत सारखी असतील तेव्हा तो उपयोगी पडतो.

टाकून द्यायची अट ही नेहमी किंमतच असते असंही नाही. गार्डेव्हॉर ईएक्सच्या (ईएक्स, व्ही म्हणजे जादा ताकदीचे पोकेमॉन) डेकमध्ये मानसिक ऊर्जा डिस्कार्डमध्ये (टाकलेल्या पानांच्या ढिगात) गेलेलीच हवी असते, कारण तिची अॅबिलिटी (कार्डावरची खास शक्ती) तिथूनच ऊर्जा लावते. रोरिंग मूनसारख्या प्राचीन गटाच्या डेकमध्ये प्रोफेसर साडाचा सपोर्टर डिस्कार्डमधली मूलभूत ऊर्जा उचलून लावतो. अशा डेकला अर्दन व्हेसलमधलं "एक पान टाका" हे वाक्य बक्षीसच वाटतं. तेच व्हेसल, ज्या डेकला डिस्कार्डमधून काही परत आणता येत नाही त्याला मात्र हात पोखरणारं ठरतं. कार्ड एकच, दोन घरांत दोन वेगळ्या किमती.

पॉफिनकडे जरा नीट पाहू. मजकुरातला प्रत्येक शब्द तिथे काम करतो.

"दोनपर्यंत": म्हणजे एकही चालतो. "बेसिक": स्टेज वन येणार नाही. "७० एचपी किंवा कमी": इथे चाळण लागते. चारमँडर, पिजी, ड्रीपी, कॉम्फी, मॅनफी हे चाळणीतून आत येतात. ल्युमिनिऑन व्ही, मिराइडॉन ईएक्स, आयर्न हँड्स ईएक्स बाहेर राहतात. "बेंचवर ठेवा": हातात नाही. हा शेवटचा फरक नवे खेळाडू हमखास विसरतात. ल्युमिनिऑन व्हीची सपोर्टर शोधायची अॅबिलिटी ती हातातून बेंचवर खेळली तरच लागू होते. नेस्ट बॉलने तिला थेट बेंचवर आणलंत तर ती नुसती दोन प्राइझचं ओझं होऊन बसते (प्राइझ म्हणजे बाजूला ठेवलेली बक्षिसाची पानं, समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायची), सपोर्टर मिळत नाही. तिच्यासाठी अल्ट्रा बॉलच लागतो. म्हणून शोधणारा कोणताही नवा आयटम दिसला की आधी पाहा, तो पोकेमॉन हातात देतो की बेंचवर. आणि बेंच भरलेला असेल तर बेंचवर ठेवणारं कार्ड खेळताच येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मग पॉफिन कुणाच्या जागी बसलं? नियमित खेळाच्या स्टँडर्ड प्रकारात ५ एप्रिल २०२४ पासून 'ई' खुणेची कार्डं बाद झाली, आणि नेमक्या त्याच दिवशी टेम्पोरल फोर्सेसची कार्डं स्पर्धांत चालू झाली. बाद झालेल्यांत पोकेमॉन शोधणारा लेव्हल बॉल होता आणि बॅटल व्हीआयपी पासही. पॉफिनचा मजकूर सुटा वाचला तर "ठीक आहे" एवढंच वाटतं. कोण जातंय ते शेजारी मांडलं की दिसतं, दोन मोठ्या खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या होत्या. नव्या संचाची यादी वाचताना बाद होणाऱ्या कार्डांची यादी बाजूला ठेवलीच पाहिजे. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं खुणेचं अक्षर त्यासाठीच असतं.

व्हीआयपी पासशी तुलना फार शिकवून जाते. पास दोन बेसिक बेंचवर आणायचा, एचपीची अट नाही, पण फक्त तुमच्या पहिल्या खेळीत. पहिल्या खेळीपर्यंत तुम्ही आठ पानं पाहिलेली असतात, सात वाटलेली आणि एक उचललेलं. ६० मध्ये चार प्रती असतील तर त्या आठ पानांत निदान एक असण्याची शक्यता ४४.५ टक्के. तीन प्रती असतील तर ३५.४, दोन असतील तर २५.१, एकच असेल तर १३.३. म्हणजे चारच्या चार पास घालूनसुद्धा, शोधायला दुसरं काही नसेल तर निम्म्याहून जास्त डावांत पास वेळेवर येत नव्हता, आणि नंतर येणारा प्रत्येक पास म्हणजे डेड कार्ड, हातात नुसतं पडून राहणारं. एचपीची अट नसल्यामुळे लोक ते सहन करत होते. पॉफिन दुसऱ्या, तिसऱ्या खेळीतही चालतं. ताकद थोडी कमी, पण वाया जाणं खूपच कमी. जिथे लहान एचपीचे बेसिक भरपूर आहेत तिथे हा बदल फायद्याचाच.

भरपूर म्हणजे किती, तर निदान पाच-सहा. डेकमध्ये ७० एचपीच्या आतले तीनच बेसिक असतील तर एक सुरुवातीच्या हातात येतो, एखादा प्राइझमध्ये अडकतो, आणि दुसरं पॉफिन उघडून डेकमध्ये पाहाल तर आणायला कोणी नाही. याउलट चॅरिझार्ड ईएक्स आणि पिजिऑट ईएक्स एकत्र खेळवणाऱ्या डेकला पॉफिन चार हवेच: पहिल्या खेळीत चारमँडर आणि पिजी दोघे बेंचवर, दुसऱ्या खेळीत रेअर कँडीने (विकासाची मधली पायरी गाळणारा आयटम) सरळ स्टेज टू. रेअर कँडी पहिल्या खेळीत चालत नाही आणि त्याच खेळीत मांडलेल्या बेसिकवरही चालत नाही, त्यामुळे पहिल्या खेळीत बेंचवर दोन लागले की एक लागला यावर सगळा डाव फिरतो. मिराइडॉन ईएक्सच्या डेकमध्ये मात्र पॉफिनला शून्य किंमत. तिथले बेसिक थोराड, आणि मिराइडॉनची अॅबिलिटी स्वतःच दोन विजेचे बेसिक बेंचवर आणते.

"पण पॉफिनने डेक पातळ होतो ना?" हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. मोजून बघा. ४६ पानांच्या डेकमध्ये हवी असलेली चार पानं असतील तर पुढचं पान त्यातलं निघण्याची शक्यता ८.७ टक्के. दोन बेसिक काढून डेक ४४ चा केला की ९.१ टक्के. एवढ्यासाठी कुठलंही कार्ड घेऊ नये. खरा फायदा उलट्या बाजूने आहे: शेवटच्या खेळ्यांत नकोशी असलेली पानं आधीच डेकमधून निघून जातात. प्रतिस्पर्ध्याने आयोनो (हात काढून घेऊन उरलेल्या प्राइझइतकीच पानं देणारा सपोर्टर) खेळली आणि तुमच्याकडे दोनच प्राइझ उरली असतील तर हातात दोनच पानं येतात. त्यातलं एक पॉफिन असेल तर हात अर्धा मेला. म्हणून मुरलेले खेळाडू मधल्या खेळीत, बेंचवर जागा असेल तेव्हा, गरज नसतानाही उरलेलं पॉफिन खेळून टाकतात.

यातूनच दुसरी सवय निघते. प्रत्येक नवा आयटम तीन वेळांत वापरून बघा: पहिली खेळी, मधला डाव, आणि शेवटी दोन पानांचा हात. तिन्ही वेळी कामाचा असेल तर चार प्रतींचा विचार करा. पहिल्याच वेळी कामाचा असेल तर चार घ्याव्या लागतात, पण त्या शेवटी नडणार हे धरून चाला. शेवटीच कामाचा असेल तर एक, फार तर दोन. काउंटर कॅचर हे तिसऱ्या प्रकारातलं: तुमची उरलेली प्राइझ प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त असतील, म्हणजे तुम्ही मागे असाल, तरच त्याच्या बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढता येतो. पहिला फटका नेहमी स्वतः मारणाऱ्या वेगवान डेकला ही अट क्वचितच पुरी करता येते. सावकाश उभ्या राहणाऱ्या, आधी मार खाऊन मग उलटवणाऱ्या स्टेज टूच्या डेकमध्ये ती आपोआप पुरी होते.

अट असलेला आयटम दिसला की "अट कठीण आहे का" हे विचारू नका. "माझा डेक नेहमीच्या चालीत ही अट पुरी करतोच का" हे विचारा. मिराज गेटला लॉस्ट झोनमध्ये (कायमच्या बाद पानांच्या जागेत) सात पानं लागायची. भलत्या डेकला ती सात जन्मांत जमली नसती, आणि कॉम्फीवर उभ्या असलेल्या डेकचं तेच रोजचं काम होतं.

आता प्राइम कॅचर. या संचाने एस स्पेक ही जात परत आणली (ती मुळात २०१२ च्या बाउंडरीज क्रॉस्डमधली): संपूर्ण डेकमध्ये एस स्पेक कार्ड एकच, मग नाव कुठलंही असो. तिथे हिशोबच बदलतो. प्राइम कॅचर सुटं पाहिलं तर अप्रतिम आहे: प्रतिस्पर्ध्याच्या बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढा, आणि ओढलात तर आपला पुढचा पोकेमॉन बेंचवरच्याशी बदला. हेच काम बॉसेस ऑर्डर्स करतं, पण ते सपोर्टर आहे, त्या खेळीतलं पानं उचलणं बुडतं. पोकेमॉन कॅचरला नाणं उडवावं लागतं. प्राइम कॅचरला ना अट, ना नाणं, ना सपोर्टरची जागा. पण ते घेतलं की संचातली बाकीची एस स्पेक कार्डं सोडावी लागतात. आयर्न हँड्स ईएक्ससारखा, एका फटक्यात जादा प्राइझ काढणारा हल्लेखोर असेल तर हवा तो बळी पुढे ओढणं सोन्याचं. ज्याला एकाच फटक्यात ईएक्स पाडायला थोडं कमी पडतं त्याला, प्रतिस्पर्ध्याच्या पुढे उभ्या असलेल्या ईएक्सवर ५० जादा नुकसान देणारा मॅक्झिमम बेल्ट जवळचा. ज्याला एक फटका झेलून टिकायचं आहे त्याला १०० एचपी वाढवणारी हीरोज केप. (बेल्ट आणि केप टूल आहेत, म्हणजे पोकेमॉनला जोडायची कार्डं, आयटम नाहीत. २०२३ पासून टूल ही वेगळी जात झाली आहे. पण एस स्पेकची एकुलती जागा सगळ्यांना सामाईक.)

प्राइम कॅचरमध्ये एक खाच आहे. दुसरं वाक्य ऐच्छिक नाही. तुमचा ऊर्जा लावलेला हल्लेखोर आधीच पुढे उभा असेल आणि बेंचवर कोणी असेल, तर त्याला मागे जावंच लागतं. मग परत पुढे आणायला माघारीची ऊर्जा किंवा आणखी एक बदलीचं कार्ड. म्हणून हे कार्ड असलेल्या डेकमध्ये हल्लेखोर बेंचवर तयार करायचा आणि पुढे कमी माघारखर्चाचा कोणीतरी उभा करायचा. आयर्न व्हॅलिअंट ईएक्ससारखा, बेंचवरून पुढे आला की अॅबिलिटी लागू होणारा पोकेमॉन असेल तर तीच सक्ती फायद्याची होते.

आणि एकच प्रत म्हणजे दर दहा डावांत सरासरी एकदा ती प्राइझमध्ये, ६० पैकी ६. ज्या एस स्पेकशिवाय डेक उभाच राहत नाही, तो डेक दहातला एक डाव आधीच अर्धा हरलेला असतो. एकट्या कार्डावर योजना टांगू नका. ते आलं तर बरं, न आलं तर थोडं मंद, अशी मांडणी ठेवा.

एकेरी प्रतींची किंमत ठरवताना ते शोधायला डेकमध्ये काय आहे हे पाहणं अटळ आहे. आर्वेन हा सपोर्टर एक आयटम आणि एक टूल शोधून देतो. पिजिऑट ईएक्स प्रत्येक खेळीत डेकमधलं कोणतंही एक पान आणतो. ज्या डेकमध्ये हे दोघे आहेत तिथे प्रसंगी लागणाऱ्या आयटमची एक प्रत पुरते, कारण ती हवी तेव्हा हाताशी येते. अशा डेकला नव्या संचातला प्रत्येक "कधीतरी उपयोगी" आयटम एका जागेत वापरून बघता येतो. शोधायची सोय नसलेल्या डेकमध्ये एक प्रत म्हणजे लॉटरीचं तिकीट.

याच संचातली बाकीची भराभर. मास्टर बॉल: काहीही न टाकता कोणताही पोकेमॉन. अल्ट्रा बॉलपेक्षा स्वस्त, पण चार अल्ट्रा बॉल घेता येत असताना एस स्पेकची एकुलती जागा दोन पानं वाचवायला घालवणं क्वचितच परवडतं. अवेकनिंग ड्रम: मांडलेल्या प्रत्येक प्राचीन पोकेमॉनमागे एक पान, म्हणजे कमाल सहा. पण गरज सुरुवातीला असते आणि तेव्हा मांडलेले दोन-तीनच असतात. रीबूट पॉड: प्रत्येक भविष्य गटाच्या पोकेमॉनला डिस्कार्डमधली एक मूलभूत ऊर्जा. कमाल भारी, पण आधी डिस्कार्डमध्ये तेवढी ऊर्जा आणि बेंचवर तेवढे पोकेमॉन हवेत. अशी कार्डं वाचताना कमाल आकडा डोळ्यांत भरतो. तुम्ही नेहमीच्या डावात दुसऱ्या-तिसऱ्या खेळीला किती मिळेल तो आकडा धरा.

बॉक्स्ड ऑर्डर: डेकमधून दोन आयटम हातात, आणि तुमची खेळी संपली. पहिला खेळणाऱ्याला पहिल्या खेळीत हल्ला करताच येत नाही, त्यामुळे तिथे खेळी संपवण्याची किंमत जवळजवळ नाही. मोह होतो तो इथेच. पण ते दोन आयटम पुढच्या खेळीपर्यंत हातात पडून राहणार, आणि मधल्या काळात प्रतिस्पर्ध्याने हात पिसायला लावला तर ते गेलेच. दुसऱ्या खेळीपासून पुढे तर हे कार्ड खेळणं म्हणजे एक हल्ला सोडणं. तीन वेळांच्या कसोटीत एकाच वेळी तरतं, तेही नाणेफेकीवर अवलंबून.

हँड ट्रिमर: दोन्ही खेळाडूंनी हातात पाचच पानं ठेवायची, प्रतिस्पर्ध्याने आधी टाकायची. वाचताना क्रूर वाटतं. पण काय टाकायचं ते प्रतिस्पर्धीच ठरवतो, म्हणजे त्याच्या हातातली सगळ्यात निरुपयोगी पानं जाणार. निवड समोरच्याच्या हातात देणारं कार्ड मजकुरापेक्षा नेहमी एक पायरी खालचं धरा. त्यात तो डिस्कार्डमधून खेळणारा असला तर तुम्ही त्याची मदतच केलीत.

नशिबावर चालणाऱ्या आयटमची आकडेमोड जरा सविस्तर दाखवतो, कारण इथे अंदाज सगळ्यात जास्त चुकतात. इलेक्ट्रिक जनरेटर: डेकची वरची पाच पानं बघा, त्यातल्या दोनपर्यंत मूलभूत विजेच्या ऊर्जा बेंचवरच्या विजेच्या पोकेमॉनना लावा. समजा ६० मध्ये अशा १४ ऊर्जा आहेत. पाच पानांत एकही नसण्याची शक्यता २५.१ टक्के, नेमकी एक असण्याची ४१.८, दोन किंवा जास्त असण्याची ३३.१. सरासरी काढली तर एका जनरेटरमागे १.०८ ऊर्जा. आता कोणीतरी "ऊर्जा फार झाल्या" म्हणून त्या ८ वर आणल्या. एकही नसण्याची शक्यता ४७.६ टक्के, दोन लागण्याची १२.८ च्या आसपास, सरासरी ०.६५. आयटमचा मजकूर तोच, पण सहा ऊर्जा काढल्याबरोबर त्याची ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी घसरली. म्हणजे जनरेटरची खरी किंमत चार जागा नाहीत, ती चार जागा अधिक वरच्या सहा ऊर्जा अशी दहा जागांची आहे. "वरची इतकी पानं बघा" असं म्हणणारा कुठलाही आयटम याच पद्धतीने तपासा.

क्रशिंग हॅमरला साधं नाणं: चित पडलं तर प्रतिस्पर्ध्याची एक ऊर्जा डिस्कार्डमध्ये. चार हॅमरमध्ये सरासरी दोन लागतात. एकही न लागण्याची शक्यता सोळात एक. यात प्रश्न किती ऊर्जा उडतात हा नाही, उडालेली ऊर्जा समोरच्याला परत लावायला किती खेळ्या लागतात हा आहे. चॅरिझार्ड ईएक्स विकसित होताना डेकमधून तीन ऊर्जा एकदम लावतो. त्याच्यासमोर हॅमर म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी काढणं. पण आयर्न थॉर्न्स ईएक्स पुढे उभा असला की भविष्य गट सोडून ईएक्ससारख्या नियमचौकटीच्या (कार्डावर खास नियमाची चौकट छापलेल्या) पोकेमॉनच्या अॅबिलिटीच बंद पडतात. मग ऊर्जा खेळीला एकच, हाताने, आणि त्यावर हॅमर. ऑगस्ट २०२४ मध्ये होनोलुलूच्या जागतिक स्पर्धेत जिंकलेला डेक आयर्न थॉर्न्सचाच होता.

आकडेमोड झाली की हाताने तपासणी. संच हातात येण्याची वाट बघू नका. नव्या कार्डाचा मजकूर कागदावर लिहून जुन्या कार्डापुढे स्लीव्हमध्ये सरकवा (घरच्या सरावापुरतं, स्पर्धेत चालत नाही). डेक पिसा, सात पानं वाटा, प्राइझची सहा बाजूला काढा आणि प्रतिस्पर्ध्याशिवाय फक्त तीन खेळ्या खेळा. असे तीस हात. कागदावर तीन रकाने: "लगेच खेळलं", "राखून ठेवलं", "अडलं". नवं कार्ड हातात आलं की त्या-त्या रकान्यात रेघ मारा. मग जुनं कार्ड परत घालून आणखी तीस हात, त्याच्याही रेघा. "अडलं"च्या रेघा एक तृतीयांशापेक्षा जास्त झाल्या तर एक प्रत कमी करा. "राखून ठेवलं" खूप असतील तर ते शेवटच्या डावाचं कार्ड आहे, एक-दोन पुरेत. हे कंटाळवाणं काम आहे, दीड-दोन तास जातात, पण एका संध्याकाळच्या पाच सामन्यांपेक्षा जास्त कळतं.

सामन्यांच्या निकालावर इतक्यात भरवसा ठेवू नका. डेक अगदी बरोबरीचा असला तरी दहापैकी सात किंवा जास्त सामने निव्वळ योगायोगाने जिंकण्याची शक्यता १७ टक्के आहे. "नवं कार्ड घातलं आणि सात जिंकले" यात कार्डाचं कौतुक किती आणि नशिबाचं किती, ते सांगता येत नाही. जिंकलो की हरलो याऐवजी, ते कार्ड हातात आलं तेव्हा त्याच्या जागी जुनं असतं तर काय झालं असतं, हे प्रत्येक वेळी लिहा.

जपानमध्ये कार्डं आधी येतात. टेम्पोरल फोर्सेसमधली बरीचशी २६ जानेवारी २०२४ च्या वाइल्ड फोर्स आणि सायबर जज या दोन संचांतली. तिथल्या याद्या जरूर पाहा, पण तिथे बहुतेक स्पर्धा एका डावाच्या असतात, आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ५० मिनिटांत तीनपैकी दोन डाव. एका डावात जुगारी आयटम खपून जातो. तीन डावांत प्रतिस्पर्ध्याला तुमचं गुपित दुसऱ्या डावापर्यंत कळलेलं असतं. आणि मजकूर अनुवादावर विसंबून पाठ करू नका. "हातात" की "बेंचवर" एवढ्याशा फरकाने काय होतं ते ल्युमिनिऑनच्या उदाहरणात दिसलंच.

मूल्यमापन एकदा करून संपत नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रिझमॅटिक एव्होल्यूशन्समध्ये बड्यू आला: ३० एचपी, ऊर्जा न लागणारा हल्ला, १० नुकसान, आणि प्रतिस्पर्ध्याला पुढच्या खेळीत आयटम बंद. दुसरा खेळणारा आपल्या पहिल्याच खेळीत हा हल्ला करू शकतो. म्हणजे पहिल्या खेळाडूची दुसरी खेळी, जिथे रेअर कँडी पडायची, तिथेच कुलूप. कुठल्याच आयटमचा मजकूर बदलला नाही, पण किमती बदलल्या. पहिल्या खेळीत कुलपाच्या आधी पडणारं पॉफिन आणखी मोलाचं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या खेळीवर अवलंबून असलेले आयटम हातात साचायला लागले आणि सपोर्टर व हाताने चढणारे स्टेज वन परत वाढले. गंमत म्हणजे बड्यू स्वतः ३० एचपीचा बेसिक, म्हणजे पॉफिनच त्याला आणतं. आयटमला कुलूप लावणारं पात्र चलनात असेल तर तुमच्या डेकमधले सगळे आयटम दोन ढिगांत वाटा: कुलपाआधी पडणारे आणि कुलपानंतर लागणारे. दुसरा ढीग मोठा असेल तर त्यात आणखी नवा आयटम घालू नका, सपोर्टर घाला.

खरेदीबद्दल दोनच गोष्टी. साधे आयटम सहसा कमी दुर्मीळ असतात. तुमच्या डेकचा पाया होणारं असेल तर पॅक फोडत बसण्यापेक्षा चार सुट्या प्रती घ्या. एस स्पेक एकच लागतं, तेव्हा डेक ठरेपर्यंत थांबा. आणि विकत घेण्याआधी जुना डबा उघडून बघा: नव्या संचात त्याच नावाचं कार्ड परत छापलं गेलं असेल तर जुनी प्रत चालते, पण नव्या मजकुराने. पोकेमॉन कॅचर २०११ मध्ये आलं तेव्हा त्यावर नाण्याचा उल्लेख नव्हता. २०१३ मध्ये मजकूर बदलला. डब्यात ती जुनी प्रत सापडली तर खुशाल खेळा, फक्त दाखवायला नवी एक प्रत जवळ ठेवा आणि नाणं उडवा.